पावणेचार फूट फीत

मी देवाजी सखाराम लोणारे, वय चौपन्न, धंदा रेडिओ दुरुस्ती व नाटकांचे ध्वनिसंयोजन, राहणार इंदोरा, नागपूर, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी आवाज नेला, हात ठेवला. तेव्हा बोलायचे ते सगळे कागदावर येत आहे. कोणाचा दाब नाही, धाक नाही, दारू मी पीत नाही. वकीलसाहेबांनी दिलेला नमुना समोर आहे, पण त्यात माझ्या कामाची कलमे नाहीत, म्हणून माझ्या रीतीने लिहितो.

कलम एक. मी मेल्यावर विहारातल्या मंडळींनी त्रिशरण-पंचशील म्हणावे, बस्स. भाषण नको. "देवाजीभाऊ फार सज्जन" असे कोणी सुरू केल्यास त्याला खाली बसवावे. सोळा वर्षे दर रविवारी मी विहारात जातो आणि चौथे शील, खोटे न बोलण्याचे, आले की नुसते ओठ हलवतो. इतक्या जणांत एकाचा आवाज कमी पडला तर कोणाला कळते!

कलम दोन. दुरुस्तीला आलेले सात रेडिओ ज्यांचे त्यांना चिठ्ठी पाहून परत द्यावेत. टेपरेकॉर्डर, फीत कापायची पट्टी, ब्लेडे, दोन माइक व बाकी हत्यारे शेजारच्या लतिकेला द्यावीत. ती आयटीआयला जाते, हात चांगला आहे आणि कान त्याहून. नाटकवाले गोपाळराव यांना काहीही देऊ नये. माझा हेडफोन त्यांनी बहात्तर साली "उद्या आणून देतो" म्हणून नेला. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

कलम तीन. हे मालमत्तेचे कलम नाही. वकीलसाहेब म्हणाले, "मृत्युपत्रात घरदार लिहितात, असलं काही लिहीत नाहीत." मी पाटीवर लिहिले, "मग कुठे लिहितात?" ते चष्मा पुसत बसले.

सत्तर साली गोपाळरावांनी स्पर्धेसाठी एक नाटक बसवायला घेतले. लंडनमध्ये कारकुनी करणारा आपल्याकडचा माणूस रोज जमिनीखालच्या रेल्वेने कामावर जातो, आणि एके दिवशी वर यायलाच नकार देतो. रंगमंचावर फक्त एक बाक. बाकी सगळी गाडी आवाजाने उभी करायची. मी जन्मात लंडन पाहिले नव्हते. इतवारी स्टेशनावर, पुलाखाली, नाल्याच्या मोरीत, सगळीकडे टेप नेला. पण उघड्यावरची गाडी उघड्यावरचीच वाजते. मी वैतागलो. तेव्हा माझा धाकटा भाऊ ताराचंद हसला. तो खापरखेड्यापुढच्या एका कोळसा खाणीत डबे जोडायचे काम करी. म्हणाला, "लंडनले काहून जातं गा भाऊ? आमी रोज जमिनीखालून गाडीनंच तं जातो!"

खाणीत उतरणीवर रूळ असतात. लोखंडी डब्यांची माळ तारदोराला बांधलेली, आणि दोर ओढणारे इंजिन वर, खाणीच्या तोंडापाशी. इंजिनवाल्याला खालचे काही दिसत नाही, तो फक्त घंटी ऐकतो. खाली भिंतीच्या कडेने, डोक्याच्या उंचीवर, एक तार जाते. ती ओढली की वर आणि खाली दोन्हीकडे घंटी वाजते. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे ओढ. डब्यांत बसून जायला बंदी होती आणि सगळे बसून जात.

रविवार, ८ नोव्हेंबर १९७०. कोळसा काढणे बंद होते, दुरुस्तीची मोजकी माणसे खाली होती. घंटीवर नत्थूजी बागडे होते, ताराचंदचे जिवलग. परवानगी नसताना त्यांनी मला खाली घेतले. बजावले, "देवाजी, तारेले हात नको लावू. बाकी काय कराचं ते कर."

दोन तासांत मला हवे ते बहुतेक मिळाले. चाकांचा आवाज तिथे पुढून आणि मागून एकदम येतो, दोर ताणला की कण्हतो. मी इतका खूश होतो की भूक विसरलो. फक्त घंटी राहिली होती. डबे तळाशी उभे होते. ताराचंद दोन डब्यांच्या मध्ये वाकून कडी बसवत होता. नत्थूजी पंपाकडे गेले होते, पन्नास पावलांवर. मी तार ओढली. एकदाच. एक म्हणजे थांब, आणि गाडी तर थांबलेलीच आहे, मग काय बिघडते, असे मी मनाशी म्हटले. टेपवर आवाज फाटला, म्हणजे घंटी पुन्हा घेणे आले. तो पुरता विरेपर्यंत मी थांबलो, कारण एका आवाजाच्या शेपटीवर दुसरा पडला तर फीत नीट कापता येत नाही. ही माझ्या धंद्याची शिस्त. मग पुन्हा ओढली. विरू दिली. मग पुन्हा. माझ्या लेखी त्या तीन वेगवेगळ्या घंट्या होत्या. वर इंजिनवाल्याने तीन मोजल्या.

ताराचंद एकोणतीस वर्षांचा होता.

नत्थूजी धावत आले. त्यांनी मला एकच विचारले, "तार तू ओढली का?" मी म्हणालो, "नाही. मी फीत बदलत होतो." त्यांनी विश्वास ठेवला. मला मागच्या वाटेने बाहेर काढले आणि स्वतः ताराचंदपाशी जाऊन बसले. मग उरले कोण? त्यांना वाटले, तार ताराचंदच्या डोक्यावरूनच जाते, त्यानेच चुकून ओढली असेल. चौकशीत मेलेल्याची चूक ठरली असती तर त्याच्या बायकोला, जयवंताला, खाणीत काम मिळाले नसते. म्हणून नत्थूजींनी सांगितले, घंटी मीच दिली. त्यांची नोकरी गेली, वसाहतीतली खोली गेली. जयवंता लॅम्परूममध्ये लागली. आजही ती खाली उतरणाऱ्यांना दिवे देते. हे सगळे मला वर्षभरात कळले. कळल्यावरही मी तोंड उघडले नाही.

आमची आई पार्वतीबाई जगली तोवर नत्थूजी रस्त्यात दिसले की ती ओरडे, "माह्या पोराले खाल्लं यानं!" ते मान खाली घालून जात. मी आईचा हात धरून उभा असे. एकदा तिने त्यांच्यावर चप्पल फेकली. मी ती उचलून आणली आणि आईच्या पायात घातली.

कलम चार. त्या नाटकाला ध्वनीचे पहिले बक्षीस मिळाले. लोक खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. लंडनला जाऊन आलेले एक डॉक्टर म्हणाले, "हुबेहूब!" पुढे मी त्यातून नाटक काढून टाकले आणि नुसत्या आवाजांची वीस मिनिटांची फीत तयार केली. नाव ठेवले "उतरण". खोलीत अंधार करून ती माणसांना ऐकवली. काही जण रडत बाहेर आले. ती चांगली झाली आहे. खोटी नम्रता दाखवत नाही; मला लाज वाटते ती नेमकी याचीच. कारण तिच्यातून मी बारा सेकंद कापले होते. पावणेचार फूट फीत. त्यात तीन घंट्या आहेत, मध्ये माझा आवाज, "अजून एकदा", आणि शेवटी ताराचंद, "कोनं ओढली बे तार?" तो तुकडा बिस्किटांच्या डब्यात ठेवला, फेकून देववला नाही. गेल्या महिन्यात जागच्या जागी चिकटवला. यापुढे "उतरण" वाजवायची तर अख्खी वाजवावी. कापून वाजवील त्याचे तळपट होवो.

~~कलम पाच. माझे राहते घर, दोन खोल्या व मागचे अंगण, नत्थूजी बागडे यांना द्यावे.~~ रद्द. दे. स. लो.

~~कलम सहा. माझ्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी ही फीत जयवंताला ऐकवावी.~~ रद्द. दे. स. लो.

कलम सात. या कागदाच्या प्रती खाणीच्या कार्यालयात व कामगार संघटनेत द्याव्यात. नत्थूजींवरचा ठपका पुसला जावा, ही माझी मागणी आहे.

१९ सप्टेंबर १९८६.

पुरवणी. दोन कलमे का खोडली ते लिहिणे भाग आहे. घराचा कागद दाखवावा म्हणून मी काल नत्थूजींना बोलावले; वकीलसाहेबही होते. ते आता बेसाला दुसऱ्याच्या वावराची राखण करतात. त्यांनी सगळे वाचले, बोट ठेवून, सावकाश. मी फीत लावली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "म्हंजे ताराचंदनं नाही ओढली." आणि रडायला लागले. "सोळा वर्सं मी त्याले मनातल्या मनात शिव्या देल्या बे. मेल्या मानसाले. आन् त्यानं तं काहीच नोयतं केलं."

मी पाटी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली. "आन् जयवंताले तू मेल्यावर सांगनार? तिनं शिव्या कोनाले द्याच्या, राखेले?"

मी घराच्या कलमावर बोट ठेवले. त्यांनी वकीलसाहेबांना विचारले, "साक्षीची सही कोन करते?" वकीलसाहेब म्हणाले, "कोणीही. फक्त ज्याला काही मिळणार आहे त्याची आम्ही घेत नाही."

"मंग घर खोडा," नत्थूजी म्हणाले. "मी सही करतो."

आज ते जयवंताला घेऊन आले. तिने वीस मिनिटे पूर्ण ऐकली. मग ताराचंद बोलतो तेवढे पुन्हा लावायला सांगितले. सोळा वर्षांत तिने त्याचा आवाज ऐकलेला नव्हता. मी तीनदा लावले. चौथ्यांदा मी हात पुढे केला तेव्हा तिने स्वतः टेप बंद केला. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे झाले असते. घर तुझ्या नावाने करतो, असे मी पाटीवर लिहिले. तिने वाचले आणि नत्थूजींना म्हणाली, "चाला नत्थूभाऊ, माह्या घरी जेवाले. आदी सही कुठं कराची ते सांगा."

घराचे काय करावे ते मला सुचत नाही. खोडलेल्या कलमाच्या जागी काही लिहिलेले नाही, ती जागा कोरी ठेवली आहे.

इंदोरा, नागपूर. २५ सप्टेंबर १९८६.

(सही) देवाजी सखाराम लोणारे

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:

१. नत्थूजी बागडे, राहणार बेसा. वाचून सही केली.

२. जयवंता ताराचंद लोणारे, राहणार खापरखेडा. ऐकून सही केली.