पातातुचं पादादु

४ सप्टेंबर

चिठ्ठ्या निघाल्या. मी पाचवी. आणि माझ्यानंतर – नोंग रेमुएल! जगभरातली एवढी माणसं खेळतात, आणि नेमका माझा थोरला भाऊ!

एक गोष्ट, प्रत्येकाने आपण रचलेल्या भाषेत उतरवायची आणि पुढच्याला द्यायची, असा खेळ. म्हणजे आता माझं लिहिलेलं नोंगला वाचावंच लागणार. दोन वर्षांत त्याने माझा साधा मेसेज उघडलेला नाही. खेळ चालवतो तो फिनलंडचा योर्मा. म्हणाला, "हवं तर क्रम बदलतो, आर्लिन." नको म्हटलं. माघार घ्यायची तर नोंगने घ्यावी. घेतली तर मात्र संपलं – मग मीही पुन्हा हाक मारणार नाही.

५ सप्टेंबर

आमची लहानपणचीच भाषा घेतली. टेबलाखाली बसून दोघांनी रचलेली. तीच नोंगने आमच्या भाषा रचणाऱ्यांच्या गटात एकट्याच्या नावावर खपवली, तिथेच तर फाटलं.

आता तिला हजार वर्षांनी म्हातारी करतेय. म्हणजे आवाज कसे झिजतात त्याचे नियम लिहायचे आणि सगळे शब्द प्रोग्रॅममधून काढायचे. प्रोग्रॅमही नोंगचाच. कॉलेजात असताना माझ्यासाठी लिहिला होता, म्हणून काही चुकलं की अजून ओरडतो – "दाय, डोळे उघड!" आता सगळा गट तोच वापरतो. दाढीवाल्या योर्मालासुद्धा तो धाकटी बहीण समजतो!

६ सप्टेंबर

घोळ.

नियम सोपा आहे. दोन स्वरांमधला त मऊ होऊन द व्हावा. 'पातातु', म्हणजे 'जेवायला ये', त्याचं 'पादादु' व्हायला हवं. येतंय 'पादातु'! एक त बदलतो, दुसरा ढिम्म. नियम पुन्हा लिहिला. वरचा खाली केला. एक कंस राहिला तर – "दाय, डोळे उघड!"

गप रे!

७ सप्टेंबर

आईने, आमच्या नानायने, कदियोस केलं होतं – तुरीच्या दाण्यांची आमटी, पण फणसाशिवाय. फणस नोंग आणायचा. तो घर सोडून गेल्यापासून आमची आमटी अशीच, अर्धी.

"माझे नियम चुकतायत," मी म्हटलं.

"तुझेच कशावरून?"

"प्रोग्रॅम नोंगचा आहे, नानाय."

"मग? तो काय बिशप लागून गेला?"

८ सप्टेंबर

सापडलं!!

खोट प्रोग्रॅममध्येच आहे! पहिला त बघताना तो दोन्हीकडचे स्वर ताब्यात घेतो आणि मधला 'आ' परत सोडतच नाही. मग दुसऱ्या त-ला डावीकडे शेजारीच उरत नाही. एकाने घेतलं की दुसऱ्याचा हक्क संपला – खाण तशी माती!

तोच नियम दोनदा चालवला की काम भागतं. पण नोंग माझे नियम वाचणार, आणि हसणार. कळवलं तर चिडणार, खेळच सोडेल. पडला तरी नाक वर, असा माणूस.

९ सप्टेंबर

प्रोग्रॅमच्या चुका नोंदवायच्या पानावर कळवलं. तीन ओळी, कोरड्या ठणठणीत. गोष्टही पाठवली. शेवटी माझ्याकडून एक जास्तीचं वाक्य घातलं – पादादु.

१० सप्टेंबर

काही नाही.

११ सप्टेंबर

योर्मा म्हणतो, "रेमुएलचं उत्तर नाही. उद्यापर्यंत थांबतो, मग पुढच्याला देतो." नानायसमोर रडले. त्याचा एवढा राग येतो, आणि तोच हवा असतो!

१२ सप्टेंबर

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली! काय बदललं ते वर लिहिलंय – "मधला स्वर आता दोन्ही शेजाऱ्यांचा. चूक माझी होती. दायने पकडली." आणि खाली, सोबत दिलेल्या आमच्या भाषेपुढे, जिथे दोन वर्षं एकच नाव होतं तिथे – "भाषा: आर्लिन आणि रेमुएल."

पातातु घातलं. पादादु!

तेवढ्यात फोन. नोंग! "गोष्ट वाचली गं. फणस कापून आणू की अख्खा?"