प्रभादेवीचं स्वयंपाकघर, मुदत तीस सप्टेंबर

१ सप्टेंबर, सोमवार
मिळाला! पहिला क्लायंट. ध्रुव, टोरांटो. प्रभादेवीला वडिलांचं घर – तिथलं स्वयंपाकघर तोडून नवं करायचं. वडील एकटेच राहतात. मिस्त्री, फरशी, वेळापत्रक सगळं मी सांभाळायचं – परळच्या आमच्या खोलीतून, लॅपटॉपवर. मुदत तीस सप्टेंबर. वेळेत झालं तर त्याच्या कंपनीचं वर्षभराचं काम मला. नाही झालं तर पुन्हा मामाचं झेरॉक्सचं दुकान.

आईने शेजारी सांगितलंय, "रुपाली कॉम्प्युटरवरून लोकांची घरं फोडते."

४ सप्टेंबर
वेळापत्रक पाठवलं. रंगीत. तोडफोड १५ तारखेला. ध्रुव : "परफेक्ट." मला रडू येईल असं वाटलं. नाही आलं.

९ सप्टेंबर, मंगळवार
कुशाबा मिस्त्रीला फोन. "ताई, पंधराला नाय जमणार. पितरांचे दिवस चालू हायत. घटस्थापनेला नारळ फोडून हातोडा लावतो ना."

पितृपक्ष! कॅलेंडर माझ्या मागच्याच भिंतीवर आहे. व्हिडिओ कॉलवर ते क्लायंटलासुद्धा दिसतं. फक्त मला दिसत नाही.

ध्रुवला कळवलं. उत्तर आलं, "हे रिस्क लिस्टमध्ये का नव्हतं?" आता घातलंय. धोका क्रमांक सात : पूर्वज.

१० सप्टेंबर
ध्रुवच्या वडिलांना फोन केला, हेमचंद्रकाकांना. म्हटलं, निदान माळा तरी रिकामा करून ठेवू. तर म्हणाले, "करू हो. पण पंधराला काहीच नको. अविधवा नवमी, हिचं श्राद्ध." काकू त्यांच्या आधी गेल्या. अशा बाईचं श्राद्ध त्या नवमीला करतात आणि एक सवाष्ण जेवायला बोलावतात. म्हणजे मी नेमकं काकूंचं स्वयंपाकघर त्यांच्याच दिवशी फोडणार होते. फार लाज वाटली.

मग म्हणाले, "तुम्हीच याल का? बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका नोकरीवर."
म्हटलं, काका, मी व्हर्च्युअल असिस्टंट आहे.
"हो, पण जेवता ना?"

हो म्हणून बसले. कागदोपत्री सवाष्ण आहेच. घटस्फोटाचा निकाल नोव्हेंबरात.

१५ सप्टेंबर, सोमवार
जाऊन आले. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी – सगळं काकांनी केलं. वडे तेल प्यायलेले, पण चार खाल्ले. ओटी भरायला घरात बाई नाही, म्हणून खण-नारळ ताटाशेजारी ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "घ्या तुमचं तुम्ही."

ओट्याची कड एका जागी गुळगुळीत झाली आहे. काकू तिथे टेकून पोळ्या लाटायच्या. मी माप घ्यायला टेप नेली होती. पर्समधून काढलीच नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
ध्रुवचा कॉल. २२ ला सुरुवात – मान्य. मुदत वाढवली. वर्षभराचं काम पक्कं! आईला खूण केली, तिने लगेच देवापुढे साखर ठेवली.

मग म्हणाला, "आता फेज टू. बाबांना ऑक्टोबरमध्ये कर्जतच्या सीनियर लिव्हिंगला शिफ्ट करायचंय. फ्लॅट भाड्याने देणार. त्यांना इतक्यात सांगू नका, सामानाची लिस्ट फक्त करून ठेवा."

मी म्हटलं, "नोटेड."

नोटेड! त्या माणसाच्या हातचं जेवून तीन दिवस झाले नाहीत. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

१९ सप्टेंबर
यादी सुरू केली. कपाट एक. खुर्च्या दोन. बंद केली.

२० सप्टेंबर
आई विचारते, चेहरा का असा. म्हटलं, स्क्रीनमुळे.

२१ सप्टेंबर, रविवार
माझ्या वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म आज पहिल्यांदाच कुणीतरी भरला.
नाव : हेमचंद्र. पत्ता : प्रभादेवी.
कामाचं स्वरूप : मी कर्जतला जाणार नाही, हे मुलाला सांगणे. तिथल्या लोकांचा फोन मला जुलैतच आला होता. मला बोलायला जमत नाही.
मुदत : उद्या हातोडा पडण्याआधी.

कुशाबाला सांगितलं, येऊ नका. आता टोरांटोला लावते.