पाणबुडीचा शब्द

५ फेब्रुवारी

तू पाठवलेल्या कॉम्प्युटरला तोंडच नाही. सीडी घालायची कुठे? चारी बाजूंनी चाचपला, उलटा धरून पाहिला. शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले, तर तो हसला. मी म्हटलं, हसायचे पैसे वेगळे घेतोस की त्यातच धरतोस? मग त्याने सीडीतलं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं.

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद. राग आधी लिहिला, नाहीतर विसरते. फोन करत नाही, कारण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं घरभर ऐकू जातं.

तुझ्या मामाला अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले. लेथवर केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा माणूस, आता शर्टाचं बटण माझ्याकडून लावून घेतो. व्यायामवाल्या बाईंनी रबरी चेंडू दिलाय, उजव्या हाताने रोज शंभरदा दाबायचा. त्याने तो कपाटाखाली भिरकावला. मी काढला, त्याने पुन्हा भिरकावला. दिवसभर भिंतीकडे तोंड.

परवा मात्र आपण होऊन बोलला: पाणबुडी पाहिजे. लहानपणी तो आणि तुझी आई खेळायचे तो गेम. तुझ्या आजोबांनी वर्कशॉपच्या ऑफिसने टाकून दिलेला कॉम्प्युटर घरी आणला होता, त्यावर. एकाच कीबोर्डवर डावीकडे तुझी आई पंप मारायची, उजवीकडे हा पाणबुडी वळवायचा, आणि मधल्या बटणांवरून मारामारी. सीडी घरात सापडली, पेनड्राइव्हवर उतरली, पण नवा कॉम्प्युटर अजूनही तिला दारातच उभी ठेवतो. काहीतरी कर. तीन महिन्यांत त्याने मागितलेली ही एकच वस्तू आहे.

लोभ आहेच, कमी झाला तर कळवीन.
आजी

११ फेब्रुवारी

ती. आजीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

बिनतोंडाचा कॉम्प्युटर पाठवल्याबद्दल कान पकडते. हल्लीचे सगळे तसेच असतात.

इतका जुना गेम नव्या कॉम्प्युटरला ओळखूच येत नाही. म्हणून काल इथे बसून मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. मामाने तिकडे एकदा ‘हो’ दाबलं, बाकी सगळं मी केलं. एक प्रोग्रॅम टाकलाय. तो नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो, आणि गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आलो. आधी सगळं इतकं सुसाट पळालं की मामाने बोट उचलेपर्यंत पाणबुडी तळाला जाऊन फुटली. मग वेग कमी केला. आता ती त्यांच्या लहानपणापेक्षाही हळू चालते. हात सुधारेल तसा वाढवू.

पण एक घोडं अडलंय. गेम सुरू होताना विचारतो: सीडीसोबत आलेल्या पुस्तिकेचं अमुक पान, अमुक ओळ, तिथला शब्द कोणता? फुकट नक्कल करणाऱ्यांना अडवायला तेव्हा ही युक्ती होती. दर वेळी नवा शब्द. तीनदा चुकलं की बंद. इंटरनेट पालथं घातलं, ही पुस्तिका कोणीच ठेवलेली नाही.

ती आहे आईच्या कपाटात. पहिल्या पानावर पेन्सिलीने ‘कप्तान’ लिहिलंय, पुढे दोघांची नावं सात-आठ वेळा खोडून परत लिहिलेली. मी म्हटलं, पानांचे फोटो काढून मामाला पाठवते. तिने माझ्या हातातून काढून घेतली, कपाटाला कुलूप लावलं आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. आता तूच बघ.

तुझ्या रागासकट तुझी माया हवी असलेली,
भिंगरी

२० फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं: पुस्तक दे, नाहीतर तू ये. येणं जमणार नाही. सोबत पुस्तिकेची झेरॉक्स पाठवते, सगळी बेचाळीस पानं. मूळ प्रत माझ्याकडेच राहील. एकतिसाव्या पानावर चहा सांडलाय, तिथले शब्द मी समासात सुवाच्य लिहिलेत.

माझ्याकडून आली असं धाकट्याला सांगू नकोस. बाबांची तब्येत बिघडल्याचं त्याने मला एक दिवस उशिरा कळवलं. मी पोचले तेव्हा बाबांना नेऊन त्यांची खोलीसुद्धा धुऊन झाली होती. का उशीर केलास म्हणून मी विचारलं, तर मान खाली घालून उभा राहिला. त्याला चार वर्षं झाली. अजून उत्तर नाही.

तो डाव्या हाताने जेवतो का? सहज विचारलं.

कृपा असू द्यावी.
थोरली

२७ फेब्रुवारी

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

झेरॉक्स मिळाली. ट्रंकेत तळाला आहे, किल्ली माझ्या कमरेला. धाकट्याला दाखवलेली नाही आणि दाखवणारही नाही. त्याला एवढंच सांगितलं, पुस्तक ताईकडे आहे, ती देत नाही, शब्द पाहिजे तर विचारून घे. बेचाळीस पानं एकदम हातात दिली तर तुमचं दोघांचं पुन्हा चार वर्षं न बोलता भागेल.

पहिल्या दिवशी तो त्या प्रश्नासमोर तासभर बसला आणि कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी मनाने तीन शब्द टाकले, तिन्ही चुकले. पण ते त्याने उजव्या हाताने टाकले, हे मी दारातून पाहिलं. काल म्हणाला, फोनमधून ताईचा नंबर उडालाय. खोटारडा. मी दिला.

आता तुझ्या चार वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर. ते त्याच्याकडे कधी नव्हतंच. त्या दिवशी तो फोन करायला निघाला होता, मी अडवला. मला वाटलं, सकाळपर्यंत उतार पडेल, तुला कशाला उगाच धावायला लावायचं. तू सगळ्यांसमोर विचारलंस तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी दुसरीकडे पाहिलं. त्याने ते स्वतःवर घेतलं, मी घेऊ दिलं. सोयीचं होतं. रागवायचं तर माझ्यावर रागव. मला पत्र लिही, पाहिजे तेवढं कडक लिही.

डाव्याने जेवतो. निम्मं सांडतं.

हे पत्र आधी पोचावं म्हणून मी त्याला सांगितलंय की तुझा फोन रविवारपर्यंत बिघडलेला आहे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता तो लावेल. बोलताना अडखळतो. मधेच त्याचं वाक्य पुरं करायला जाऊ नकोस. थांब. पान आणि ओळ विचारेल, तेवढाच एक शब्द द्यायचा. पुढचा दुसऱ्या दिवशी, पुन्हा फोन आला की.

लोभ वाढवायची गरज नाही, आहे तो वापरा.

आणि नीट वाच. रविवारी फोन वाजला की भिंगरीने धावायचं नाही, जावईबापूंनी हात लावायचा नाही. तू उचलायचा.

आई