खाकी कुंची

मामंजी, तुमच्या नातीला मुलगी झाली. परवा मंगळवारी, चिंचवडच्या दवाखान्यात. पावणेतीन किलोची आहे आणि रडते अशी की शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून बदलून दमली. जावई भोसरीच्या कारखान्यातनं सेकंड शिफ्ट टाकून धावत आले आणि मला बाजूला घेऊन विचारतात, "मामी, सारखी रडते, काही दुखत असंल का हो?" म्हटलं, रडू द्या, हिच्या आईला तेवढंसुद्धा जमत नव्हतं. आणि मग तुमची जी आठवण सुरू झाली ती काही थांबेना. माझी शाळा तिसरीपर्यंतची, वेलांट्या इकडच्या तिकडं होतील, सांभाळून घ्या. तुम्ही गेल्याला वीस वर्षं होत आली. तुम्ही होता तोवर मी तुमच्यापुढं बसले नाही की एक अक्षर बोलले नाही. रीतच होती तशी. त्यामुळं आज इतकं लांबलचक सांगताना हात जरा अडखळतोय.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. आपल्या महाळुंग्याच्या आसपास तेव्हा कारखाना औषधालाही नव्हता, घरामागं नुसती ज्वारी, आणि पौषातला वारा दाराच्या फटीतनं यायचा तो थेट हाडात. तुमचे चिरंजीव दापोडीच्या वर्कशॉपात कामाला, सायकलवर शनिवारी यायचे ते सोमवारी जायचे. पोर झाली आठव्या महिन्यात. माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. रडली नाही, नुसती मांजरीच्या पिलासारखी कुईकुई केली. हातपाय गार. सुईण म्हणाली, "ऊब राहिली तर पोर राहील. नुसतं जुनेर गुंडाळून भागायचं न्हाई, लोकरीचं कायतरी बघा." तर तुमच्या कारभारणी, आत्याबाई, दारात आडव्या. "बारशाआधी नवं कापड अंगाला लावायचं न्हाई. मागच्या खेपेला लावलं, काय झालं ठावं हाय न्हवं?" माझं पहिलं लेकरू नवव्या दिवशी गेलं होतं, त्यामुळं मी काय बोलणार. पोरीला छातीशी धरून पडून राहिले.

तुम्ही ओट्यावर होता, सगळं ऐकलं असणार. काळी पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं आत्याबाई ओरडल्या, "आवं, चांगला सैटर की त्यो!" तुम्ही तुमचा पलटणीतला खाकी स्वेटर उसवायला घेतला होता. "जुना हाय न्हवं? बारा वर्सं अंगावर घातलाय," तुम्ही म्हणालात. "ह्याला नवा कोन म्हनतंय, बघू." आत्याबाई पदर सावरत चुलीकडं गेल्या. मला तर मनातल्या मनात इतकं बरं वाटलं, काय सांगू. रीतही मोडली नाही आणि लोकरही आली.

तुम्हाला क्रोशा येतो हे मला त्या दिवशी कळलं. लढाईत हाताला लागलं तेव्हा पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात एका नर्सबाईनं बोटं चालावीत म्हणून सुई हातात दिली होती म्हणे. गावात कुणाला पत्ता नाही. ज्या हवालदारापुढं भांडणारी माणसं आवाज खाली घेत, तो ओट्यावर बसून बांबूच्या काडीला चाकूनं आकडा काढतोय. पण तुमची दोन बोटं नीट वळत नव्हती, चार ओळी झाल्या की हात आखडायचा. बाकीचं मलाच करायला हवं होतं. आता शिकवायचं कसं? मी बाळंतिणीच्या खोलीत, तुम्ही बाहेर, मधे भिंत, त्यात सोयर, आणि त्यात आपण बोलत नाही. मग उंबऱ्यात आत्याबाई उभ्या.

"तिला म्हनावं, सुई खालनं घाल."

"अगं, सुई खालनं घाल म्हनत्यात. आन् मी काय टपालवाली हाय का?"

"आता म्हनावं, ह्या ओळीत समदे मुके घे."

आत्याबाई उंबऱ्यातनं ओट्याकडं वळल्या. मग हळू आवाजात, "शोभतं का ह्या वयात? सुनेला काय सांगाय लावताय?"

"अगं, मुका खांब. मुका म्हंजी न बोलणारा. टाका हाय त्यो."

मी पदर तोंडात कोंबला. भिंतीपलीकडं तुम्हीही बराच वेळ खोकत होता, पण तो खोकला काही खरा नव्हता. त्यानंतर आत्याबाईंनी अंग काढून घेतलं. "मुक्याचं काय ते तुमचं तुमी बघा." मग तुम्ही भिंतीलाच सांगायला लागलात. "भिंती, ऐक. डावीकडनं सुरू कर." मला कळलं की मी बांगड्या वाजवायची. माझ्या ओळी शेळीनं चरल्यासारख्या वेड्यावाकड्या. दुपारी तुम्ही विणकाम मागवून घ्यायचा आणि माझा डोळा लागून उघडेपर्यंत सगळं सरळ होऊन परत आलेलं असायचं. चुकलं म्हणून एका शब्दानं बोलला नाहीत. इतका धीर मी पुढं कुणाच्यात पाहिला नाही, पोरीच्या शाळेतल्या मास्तरांच्यातसुद्धा नाही.

सहाव्या दिवशी कुंची पोरीच्या अंगावर चढली. बायका हसल्या, "हवालदारीणबाई आल्या." त्यानंतर तिसऱ्या दिवशी हातपाय ऊन लागले, आणि त्याच संध्याकाळी ती पहिल्यांदा खणखणीत रडली. दाराच्या फटीतनं मला दिसलं, तुम्ही ओट्यावर ताडकन उठून उभे राहिलात आणि ती गप्प होईपर्यंत बसला नाहीत. जो येईल त्याला सांगायचा, "सुनेनं केलीय." माझं कौतुक पार चाकणपर्यंत गेलं.

काल तुमची नात म्हणाली, "आई, तू मला केली होतीस तशीच हिला कर. खाकी नको हं, गुलाबी." मी लगेच हो म्हणाले. पिंपरीच्या बाजारातनं मऊ लोकर आणली, खालचा घेर झालाही, मुके खांब सगळे सरळ, तुम्हाला आवडला असता. आता मानेपाशी आले आहे आणि सकाळपासून तीनदा उसवलं. इथं टाके कमी करत न्यायचे, एवढंच माहीत आहे. लेकीला वाटतं आईला सगळं येतं, आणि तिला खरं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. हे पत्रही कुठं टाकायचं नाहीच, लोकरीच्या पिशवीत राहील. गळा तुम्ही केला होता. कसा करायचा ते भिंतीला दोनदा नीट सांगितलंही होतंत. मी ऐकतच नव्हते, मामंजी. पोर पहिल्यांदा जांभई देत होती, तिच्या तोंडाकडं बघत बसले होते.