गॉब्लिनांच्या भांडणात आत्या

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या (रविवारपर्यंत लाडक्या असलेल्या) भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता कुरकुरत नसतील, अशी आशा आहे. इकडे आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, असं आई सांगते.

आता मुद्द्याचं. रविवारी आमचा खेळ चालू असताना तू "मी नुसती बघत बसते" म्हणालीस, तिथेच माझी साडेसाती सुरू झाली. अगं, त्या खेळात मी गोष्ट सांगतो आणि माझे मित्र शूरवीर होऊन, फासे टाकून, गुहेतल्या गॉब्लिनांना मारतात. गॉब्लिन म्हणजे बुटके, हिरवे, लांब कानांचे चोरटे. एकटा असला की पळणार, दहा जमले की अंगावर येणार, आणि ज्याचा आवाज मोठा तो सरदार. (तुमच्या सोसायटीची मीटिंग आठव.) त्यांना मारायचं असतं, आत्या! त्यांची विचारपूस करायची नसते!

तू मात्र चष्मा पुसत त्यांच्या पहारेकऱ्याला विचारलंस, "जेवलास का रे?" आता गॉब्लिनांच्या वतीने बोलणारा मीच. नियमांच्या पुस्तकात त्यांची ताकद किती ते आहे, स्वयंपाक कोण करतं ते नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. कढई पलीकडच्या टोळीने नेली." झालं! कधी नेली, का नेली, परत मागायला कोण गेलं होतं... तू खोदत गेलीस आणि मी थापा मारत गेलो. शेवटी दोन्ही टोळ्यांच्या सरदारांना (दोन्ही मीच, घसा अजून बसलेला आहे) समोरासमोर बसवून तू असं झापलंस की दोघंही रडले. आमच्या शूरवीरांतला एक, दातांचा डॉक्टर, कधीपासून तलवार परजून बसला होता, तोही रडला.

आता गॉब्लिनांना हात लावायला कुणी तयार नाही. डॉक्टर त्यांना दात घासायला शिकवतोय. मी महिनोन्‌महिने खपून रचलेली लढाई पाण्यात गेली. तेव्हा हात जोडतो, पुन्हा आमच्या खेळात नाक खुपसू नकोस.

तुझा वैतागलेला,
भाचा

ता. क. : दोन्ही सरदार तुझी आठवण काढतात. मी सांगून टाकलंय, ती आता यायची नाही.

ता. क. (पुन्हा) : पण ये. पंख्याच्या बटणावरून आमचं वाजल्यापासून बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नाही. तुझ्यासमोर हसत होतो, ते नाटक होतं. ते आधी जेवतात, मी नंतर. मला हे सहन होत नाही गं. पहारेकऱ्याला विचारलंस तेवढंच आम्हा दोघांना विचार. आधी त्यांना. आवाज त्यांचा मोठा आहे.