इनिशडाराच्या पेटीतलं एक मत

बॅलीनारा,
१६ ऑक्टोबर २०१९

प्रिय कोलमन,

तुम्ही दोघं खुशाल असाल. बेर्नीवहिनीचा गुडघा आता कसा आहे? रविवारी, आईला जाऊन महिना झाला म्हणून इकडच्या चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेला, ती काठी टेकत चालताना दिसली. विचारणार होतो, पण तुम्ही बाजूच्या दाराने निघून बोट गाठलीत.

माझं बरं आहे. सोमवारी कौन्सिलात एका बसथांब्यावर दोन तास भांडण झालं आणि थांबा होता तिथेच राहिला. काल मी राजीनामा दिला. कारण तब्येतीचं लिहिलंय. तब्येत ठणठणीत आहे.

पंधरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू हा कागद चुलीत घालशील. बेर्नीवहिनी, घालायला लागला तर हातातून काढून घे.

२००४ ची मतमोजणी तू विसरला नसशील. कठड्यावर ओणवं होऊन आमची माणसं मतपत्रिका उलट्या बाजूने वाचतात आणि प्रत्येक पेटीचा हिशोब मांडतात, हे तुला सांगायला नको. आपल्या इनिशडारा बेटाची पेटी उघडली तेव्हा पेन्सिल मी स्वतःच घेतली होती. सव्वीस मतं. पंचवीस कागदांवर माझ्या नावासमोर पहिल्या पसंतीचा एकचा आकडा. सव्विसाव्यावर तो माझ्या विरोधातल्या हॅनलीच्या नावासमोर होता, आणि माझी चौकट कोरी.

मी चार मतांनी पडलो. त्या एका मताने तरलो नसतो, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हॅनलीची माणसं खिदळत होती. "काय मॅलकी, घरच्यांना चहा पाजायला विसरलास वाटतं!" कान तापले होते माझे.

आठवडाभर आधी बेटावरच्या धक्क्याच्या दुरुस्तीवरून आपलं वाजलं होतं. "धक्का बांधेल त्याला मत," असं तू पबमध्ये म्हणाला होतास. मला आणखी पुरावा नको होता. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात, सगळ्या बेटासमोर, मी तुला घरभेद्या म्हणालो. तू टोपी घातलीस आणि चालू लागलास. मी मनात म्हटलं, बघा, बोलायला तोंडच नाही याला.

त्यानंतर मी बेटावर पाय ठेवला नाही. पुढच्या खेपेला निवडून आलो, मग दर खेपेला. सकाळी पेपरात आधी कोण गेलं ते बघायचं आणि त्यावरून दिवस आखायचा. एका आठवड्यात अकरा मयतांना गेलोय मी, अकराही घरी आप्ताचा चेहरा करून. आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे इकडे आली की हॉटेलात अर्धा तास भेटायची, त्यातही माझा फोन वाजायचा.

आता जे टाळतोय ते लिहितो.

या एप्रिलमध्ये हॉस्पिटलात आई म्हणाली, "मॅलकी, ते मत माझं होतं."

मला वाटलं, औषधांचा अंमल.

"वेड नाही लागलेलं मला. तुझे वडील शवपेटीत होते, आणि तू त्यांच्या उशाशी उभा राहून पॅट्सी गिलच्या गटाराची तक्रार वहीत उतरवून घेत होतास. बघत होते मी. म्हटलं, एकदा पडू दे याला. पडला तर घरी येईल."

मी म्हणालो, "पण तुला तर तेव्हाही दिसत नव्हतं गं. आकडा कुणी घातला?"

"कोलमनने. मदतनीस म्हणून आत आला होता माझ्याबरोबर. तीनदा विचारलं त्याने, 'आई, नक्की ना?' शेवटी मीच ओरडले, 'घाल म्हटलं ना!'"

म्हणजे त्या पंचवीस जणांत तू होतास. माझ्या नावासमोर एक लिहून तू बाहेर आला होतास, आणि चर्चच्या दारात आईचा हात धरून माझ्या शिव्या ऐकत उभा होतास. एका शब्दात सुटला असतास.

मला हे एप्रिलमध्ये कळलं. मेमध्ये निवडणूक होती. म्हटलं, ती होऊ दे, मग बघू. जून गेला, जुलै गेला. सप्टेंबरात आई गेली. तिची शवपेटी खांद्यावर घेताना आपण जोडीला होतो, रीतीप्रमाणे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. तुझ्या कानाशी माझं तोंड होतं, कोलमन, आणि तरीही मी काही बोललो नाही. लाज वाटली. गर्दीत कोण कोण आलंय, हेही मी बघत होतो. ते लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

जिथे बोललो तिथेच माघार घ्यायला हवी. पण सगळं खरं सांगितलं तर आईचं गुपित चारचौघांत उघडं पडेल, आणि ते तू पंधरा वर्षं स्वतःच्या नावाला काळिमा लावून जपलंस. म्हणून तूच सांग. सांग म्हणालास तर सगळं सांगेन. नको म्हणालास तर "मी माझ्या भावावर खोटा आळ घेतला" एवढंच बोलेन, आणि कुणी काही विचारलं तर गप्प राहीन. तेवढं तुझ्याकडून शिकेन म्हणतो.

या रविवारी पहिल्या बोटीने येतोय. दार लावून घेतलंस तरी तुझा हक्कच आहे.

आईने वाट बघितली तेव्हा न आलेला,
तुझा धाकटा भाऊ,
मॅलकी