दहा नंबरचा जोडा

तारनाका, हैदराबाद
१४ सप्टेंबर २०२५

ती. त्रिवेणीवन्सं यांस नमस्कार.

भावजींचं पथ्य नीट चालू असेल. इकडे आई ठणठणीत आहेत. भाजीवाल्याशी रोजचं भांडण चुकवत नाहीत. फोनवर बोलताना त्या शेजारी बसून असतात, म्हणून लिहिते आहे.

वर्षश्राद्धाला द्यायच्या बुटांसाठी तुम्ही ह्यांचा नंबर विचारलात. सांगते. आधी गुडघ्याचं ऐका.

हे गेल्यावरही मी पळणं सोडलं नाही, ते तुम्हाला रुचलं नाही, ठाऊक आहे. विद्यापीठातल्या झाडांखालून आम्ही दोघं सकाळी पळायचो. तुमचा भाऊ कायम झिजलेल्या बुटांत. नवे घ्या म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! डाव्या बुटाची टाच बाहेरून पार गेलेली आणि डावा गुडघा सुजलेला.

उन्हाळ्यात माझाही डावा गुडघा धरला. बूट उलटून पाहिले, तर डावी टाच बाहेरून गेलेली. सुलतान बाजारातून नवे आणले. थोड्याच दिवसांत तेही तसेच झाले.

डॉक्टरबाईंनी ते हातात घेतले. नंबर सहा, माझाच. तरी त्यांनी विचारलं, "ये पहनके कौन दौड़ता अम्मा? ये तो भारी आदमी का घिसा हुआ है." मीच, म्हटलं. पळणं थांबवा, नाहीतर गुडघा कामातून जाईल, असं त्यांनी बजावलंय.

आईंना हे सांगितलं, तर त्यांनी माझा डावा बूट मागून घेऊन टाच निरखली. मग तेराव्याला भटजींना दिलेल्या जोड्याचं माप विचारलं. त्या धावपळीत तुम्ही घरातला बुटाचा खोका बघून गेला होतात आणि त्यावरचाच नंबर आणलात. खोका माझा होता, वन्सं. तुम्हाला बोल लावत नाही; त्या दिवशी भानावर होतं कोण?

आई म्हणाल्या, "सहा नंबरचा जोडा आपण त्याच्या नावानं दिला. आता तो सहा नंबर आपलाच समजून घालतोय." खऱ्या मापाचा जोडा दिला की तो पुढच्या वाटेला लागेल आणि माझा पाय सुटेल, असं त्यांचं म्हणणं.

मी हसण्यावारी नेलं. पण चढावर माझ्या पावलांत आणखी एक पाऊल वाजतं. डावं जरा जड पडतं. मी थांबले की तेही थांबतं. वळून बघते तर रस्ता मोकळा असतो. मला भीती वाटते. आणि एखाद्या सकाळी ते पाऊल वाजलंच नाही तर, याची त्याहून जास्त वाटते.

नंबर कळवलास का, म्हणून आई रोज विचारतात. ह्यांचा नंबर दहा. पण वन्सं, तुम्ही सहाच आणा. आईंना दहा सांगा. गुडघा माझा आहे, जायचा तर जाऊ दे.

अजूनही तुमच्या भावाचीच,
योगिनी